ओटीपोटाचे जुने दुखणे : गोळ्या चालू ठेवाव्यात, दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी की पिशवीच काढावी?

कृष्णाकाठ :
नमस्कार. माझे वय 38 असून मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेली सहा वर्षे मला ओटीपोटात दुखते. सुरुवातीला हे दुखणे पाळीच्या पहिल्या दोन दिवसांपुरते असे. आता ते महिन्यातील बारा ते पंधरा दिवस असते आणि कंबरेतून उजव्या मांडीपर्यंत उतरते. पाळीच्या दिवसांत शौचास बसल्यावर जीवघेणी कळ येते, शरीरसंबंधानंतर दोन दिवस ओटीपोट ठणकत राहते, आणि सलग दोन तास फळ्यापाशी उभे राहिले की तिसरा तास खुर्चीवर बसूनच घ्यावा लागतो. बसल्याने थांबते असेही नाही. नऊ वर्षांची एक मुलगी आहे आणि दुसरे मूल नको, हे आम्ही दोघांनी विचारपूर्वक ठरवले आहे.

सोनोग्राफी आणि एमआरआय या दोन्ही तपासण्यांत अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर त्याच्याच स्नायूत शिरल्याने गर्भाशय फुगणे, असे निदान आले आहे. शिवाय डाव्या अंडाशयात साडेतीन सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, आहे. रक्ताच्या तपासणीत सीए-125 चा आकडा 68 आला. कागदावर कमाल मर्यादा 35 छापलेली असल्यामुळे आणि त्या तपासणीचा संबंध कर्करोगाशी असतो हे ऐकून माहीत असल्यामुळे ती रात्र आम्ही कशी काढली ते सांगवत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी, मी खुर्चीवर टेकते न टेकते तोच, ‘मूल झाले आहे ना, मग पिशवी काढून मोकळ्या व्हा’ असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी डायनोजेस्ट या संप्रेरकाची 2 मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी सुरू केली. तिला चार महिने झाले. दुखणे साधारण निम्म्यावर आले आहे, परंतु अधूनमधून रक्ताचे डाग पडत राहतात आणि मन विनाकारण उदास असते. तिसऱ्यांचे मत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे आहे. सासूबाईंच्या मते एवढ्या विचाराची गरजच नाही. आमच्या भावकीत चौघींच्या पिशव्या काढल्या आहेत आणि चौघीही शेतात कामाला जातात.

ज्यांनी यांपैकी एखादा मार्ग पत्करला आहे त्यांनी पुढे काय झाले ते कृपया लिहावे. घरगुती काढ्यांचे सल्ले नकोत. ते सहा वर्षांत सगळे करून झाले आहेत.

अबोली :
कृष्णाकाठताई, मी पुण्यात असते, वय 46. एक्केचाळिसाव्या वर्षी माझे गर्भाशय काढले, अंडाशय ठेवले. निदान तुमच्यासारखेच होते. पाळीच्या कळा आणि अतिरक्तस्राव त्या दिवसापासून संपले, आणि त्याबद्दल मला तिळमात्र पश्चात्ताप नाही. मात्र बसल्यावर होणारे दुखणे, लघवीला सुरुवात व्हायला लागणारा वेळ आणि शरीरसंबंधाच्या वेळची आग, ही तिन्ही दुखणी शस्त्रक्रियेनंतर जशीच्या तशी राहिली. मी कोसळले, कारण ज्या अवयवाला दोष देत होते तो आता शरीरात नव्हता.

दीड वर्षानंतर एका डॉक्टरांनी मला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. वर्षानुवर्षे कळ येणार या धास्तीने मी ते स्नायू इतके आवळून धरत होते की ते सैल सोडायचे कसे, हेच शरीर विसरले होते. तोपर्यंत नियतकालिकांत वाचून मी आवळण्याचे व्यायाम निष्ठेने करत होते, ज्यांना केगेल म्हणतात. आधीच ताठलेल्या स्नायूंना त्याने अपायच होतो, हे तेथे कळले. पोटाने घेण्याचे श्वास, मांड्यांचे ताण, आतून बोटाने स्नायूंवर दिलेला हलका दाब, असे सुमारे सहा महिने चालले. आता मी दोन तासांची बैठक उशीशिवाय पूर्ण करते. माझे म्हणणे इतकेच की पिशवी काढण्याचा निर्णय घेण्याआधी आपले कोणते दुखणे पिशवीचे आहे आणि कोणते नाही, हे कोणाकडून तरी नीट वेगळे करून घ्यावे. मी ते क्रम उलटा करून शिकले.

टाकाटिपका :
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. येथे मी कोणाला औषध सुचवत नाही, कारण तपासल्याशिवाय दिलेला सल्ला फार तर सुविचार ठरतो. तरी काही मुद्द्यांचा उलगडा करता येईल.

आधी सीए-125 विषयी. हा आकडा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), अ‍ॅडेनोमायोसिस, गर्भाशयातील गाठी, ओटीपोटातील सूज, इतकेच काय पाळी चालू असतानाही वाढतो. एमआरआयमध्ये सिस्टचे स्वरूप चॉकलेट सिस्टचेच दिसत असेल तर 68 हा आकडा घाबरण्याचा नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. त्यातही ओटीपोट दुखते आणि हाच आकडा वाढतो. घरात कोणाला क्षय झालेला असेल, सायंकाळी बारीक ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता दुखण्याविषयी. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या ओटीपोटाच्या दुखण्याला बहुधा एकच कारण नसते. गर्भाशय, मूत्राशय, मोठे आतडे, पोटाच्या भिंतीतील नसा आणि तळाचे स्नायू हे सगळे शेजारी आहेत, आणि एकाचे भांडण दुसऱ्याच्या दारात ऐकू येते. शिवाय वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश वाहून मज्जासंस्था स्वतःच हळवी होते. मग मूळ कारण कमी झाले तरी वेदना तितकी कमी होत नाही. अबोली यांच्या अनुभवाचा अर्थ माझ्या मते हाच आहे. तपासताना उताणे झोपून डोके व खांदे उचलायला सांगितल्यावर बोट ठेवलेल्या जागी दुखणे वाढले, तर ते आतल्या अवयवाचे नसून पोटाच्या भिंतीचे असण्याची शक्यता वाढते. ही अर्ध्या मिनिटाची, बिनखर्चाची तपासणी आहे. ती फारशी केली जात नाही याची खंत वाटते.

कृष्णाकाठ यांच्या दुखण्यातील दोन धागे मला वेगळे दिसतात. फुगलेले गर्भाशय हे अ‍ॅडेनोमायोसिसचे. त्याचा आजार गर्भाशयातच असल्यामुळे ते काढले की तेवढा भाग संपतो. परंतु चॉकलेट सिस्ट आणि पाळीत शौचाच्या वेळी येणारी कळ ही एंडोमेट्रिओसिसची खूण आहे, आणि तो आजार व्याख्येनेच गर्भाशयाच्या बाहेरचा. अंडाशयावर, आतड्यालगत, गर्भाशयाच्या मागच्या बंधांवर तो असेल आणि शस्त्रक्रियेत तो तसाच ठेवून केवळ पिशवी काढली, तर दुखणे उरण्याची शक्यता बरीच राहते. म्हणून पहिल्या डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न ‘काढू की नको’ हा नसून ‘गर्भाशयाबाहेरच्या आजाराचे त्याच वेळी काय करणार’ हा आहे. एमआरआय वाचणाऱ्याने आतड्याचा आणि मागच्या बंधांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे का, तेही पाहावे.

डायनोजेस्टने चार महिन्यांत दुखणे निम्म्यावर आले, हे चांगले लक्षण आहे. पहिल्या काही महिन्यांतील डाग बहुतेकींच्या बाबतीत पुढे कमी होतात. उदासी मात्र सोसून नेऊ नये. ती या गोळीचा ज्ञात दुष्परिणाम आहे आणि ती कधी सुरू झाली ते तारखेसह सांगावे. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून पुरेशी मानत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. दुसरा पर्याय म्हणजे गर्भाशयात बसवायचे संप्रेरकाचे साधन, ज्याला सगळे मिरेना म्हणतात. त्यात 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते आणि ते मुख्यतः जागेवरच काम करते. अ‍ॅडेनोमायोसिसचा रक्तस्राव आणि कळा त्याने अनेकींना कमी होतात, परंतु गर्भाशय फार मोठे असेल तर ते निसटून पडण्याची शक्यता वाढते, आणि अंडाशयातील सिस्टवर त्याचा भरवसा धरता येत नाही. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने काही महिन्यांसाठी कृत्रिम रजोनिवृत्ती आणतात. हाडे विरळ होतात म्हणून ती एकटी दीर्घकाळ देत नाहीत.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबाबत मत बदलले आहे. केवळ निदानासाठी दुर्बीण घालणे हाच खात्रीचा मार्ग, असे आम्हाला शिकवले गेले होते. युरोपातील प्रजननवैद्यकाच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती भूमिका सोडली आणि लक्षणांवरून औषधोपचार सुरू करणे ग्राह्य धरले. उपचारासाठी शस्त्रक्रिया करायची असेल, तर सिस्टचे आवरण काढताना अंडाशयातील बीजांचा साठा काही प्रमाणात घटतो. तुम्हाला मूल नको असले तरी अंडाशयाची संप्रेरके हवीच आहेत. शस्त्रक्रियेनंतर संप्रेरक-उपचार चालू ठेवल्यास आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते, म्हणजे गोळीपासून सुटका म्हणून शस्त्रक्रिया हा हिशेब बहुधा चुकतो.

आणि काय करू नये, तेही सांगतो. ओटीपोटातून जाणाऱ्या नसा दुर्बिणीतून तोडण्याचा एक उपाय पूर्वी लोकप्रिय होता. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, 487 स्त्रियांवरील चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. तसेच, तपासणीत कारण न सापडलेल्या दुखण्यावर गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध सर्रास दिले जात असे. 2020 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधील 306 स्त्रियांच्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही, गुंगी आणि चक्कर मात्र अधिक आली.

गोदातीर :
मी बीड जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्ती म्हणून काम केले आहे. ‘भावकीत चौघींच्या काढल्या’ हे वाक्य वाचून थांबले, म्हणून लिहिते. 2019 साली ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत जिल्ह्यातील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांतील कितीतरी जणी तिशीतल्या होत्या. पांढरे जाणे, कंबर दुखणे, एवढ्यावर पिशवी काढलेल्या स्त्रिया मला भेटल्या आहेत, आणि त्यांची कंबर पुढेही दुखतच होती. खाडा पडला तर मजुरी कापली जाते, म्हणून त्या कोयता घेऊन फडात जात. चौघी शेतात जातात यावरून चौघींचे दुखणे गेले, असे समजू नये. सासूबाईंनी एकदा त्यांना एकट्यात विचारावे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. कागदपत्रांत शस्त्रक्रियेचे कारण काय लिहिले आहे ते सही करण्याआधी वाचणे हा तुमचा हक्क आहे.

सुरंगी :
वरचे सगळे मान्य करूनही दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी रत्नागिरीची, वय 49. डायनोजेस्ट एक वर्ष, मग मिरेना दोन वर्षे, दोन वेळा रक्त चढवले, हिमोग्लोबिन 6 पर्यंत खाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी गर्भाशय आणि मागच्या बाजूचा एंडोमेट्रिओसिस एकाच वेळी काढला. आतड्याचे शल्यचिकित्सक त्या दिवशी तेथे हजर राहतील याची खात्री आधी करून घेतली होती. आज माझे ओटीपोट दुखत नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया हा अन्याय आहेच. पण जिला ती खरोखर लागते तिला ‘अजून थोडे सोसून पाहा’ म्हणत राहणे हाही अन्यायच, आणि तो अधिक सभ्य भाषेत होतो. अंडाशयांबद्दल मात्र ठाम राहा. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि हाडे व हृदय यांसाठी संप्रेरके घ्यावी लागतात की नाही ही चर्चा शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवी.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. टाकाटिपका यांनी सांगितल्याप्रमाणे एमआरआयचा अहवाल पुन्हा काढून वाचला. आतड्याविषयी त्यात एकही वाक्य नाही, त्यामुळे तो पुन्हा वाचून घेण्याची विनंती करणार आहे. उदासीची तारीख वहीत सापडली : गोळी सुरू केल्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून. घरात क्षयाचा इतिहास नाही. आता तूर्तास विचार असा आहे की शस्त्रक्रियेचा निर्णय दिवाळीच्या सुटीपर्यंत पुढे ढकलावा, तोवर गोळीऐवजी मिरेना चालेल का हे दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे आणि फिजिओथेरपी सुरू करावी. दुखण्याची नोंद मी रोज ठेवू लागले आहे. गणिताची शिक्षिका असल्याने आलेख काढण्याचा मोह आवरला नाही, आणि त्यात एक गोष्ट लगेच दिसली की उभे राहण्याचे तास वाढले की मांडीतील दुखणे वाढते, मग पाळी असो वा नसो.

अबोलीताई, एक प्रश्न संकोचाने विचारते. ती आतून करायची तपासणी पहिल्याच भेटीत करतात का? आणि पाळीच्या दिवसांत जावे की नाही?

टाकाटिपका :
आलेख डॉक्टरांना अवश्य दाखवा. पाळीशी न जुळणारे ते मांडीचे दुखणे स्नायूंचे किंवा नसेचे असू शकते, आणि मग ते पिशवीच्या खात्यावर मांडता येणार नाही. मात्र अचानक असह्य कळ, ताप, चक्कर, किंवा शरीरसंबंधानंतर रक्तस्राव यांपैकी काही झाले तर सुटीची वाट पाहू नका. गोळी परस्पर बंद करू नका; उदासी वाढली किंवा जीव नकोसा झाल्यासारखे वाटू लागले, तर त्याच दिवशी फोन करा.

अबोली :
संकोच कसला, मीही हेच विचारले होते. माझ्या वेळी पहिल्या भेटीत फक्त बोलणे झाले, चालणे-बसणे पाहिले आणि पोट व मांड्या बाहेरून तपासल्या; आतली तपासणी तिसऱ्या भेटीत, माझी संमती विचारून झाली, आणि मध्येच थांबवायला सांगितल्यावर त्यांनी ती थांबवली. पाळीच्या दिवसांतील वेळ मिळाली तर बदलण्याची गरज नाही, फक्त आधी कळवा. सैल सलवार घालून जा, आणि ती नोंदवही सोबत ठेवा.