मदत हवी आहे : मुलाचा कान एकदा दुखावलाय, तरी स्कूबाला न्यावं का? कुटुंबासाठी रिसॉर्ट कसं बघावं?

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, घरची केळीची बाग. आमच्या सहली बागेच्या सवडीने ठरतात. मे महिन्यात सगळे फिरायला निघतात, तेव्हा आम्ही वादळाच्या धास्तीने आभाळाकडे बघत बसलेलो असतो. एका रात्रीच्या वाऱ्यात घडासकट झाडं आडवी होतात, त्यामुळे घर सोडवत नाही. जूनला केळीच्या मृगबागेची लागवड, पावसाळा संपला की कांदेबाग, तीही केळीचीच. ती एकदा लागून गेली की जानेवारीत सात-आठ दिवस मोकळे मिळतात. यंदा ते समुद्रावर घालवायचे असं मुलांना कबूल केलंय.

जाणारी माणसं पाच. आम्ही दोघं, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा मागच्या महिन्यात दहा पूर्ण झाला आणि सासूबाई अडुसष्ट. सासूबाई माळकरी आहेत, मासळीच्या वासाचंही त्यांना जमत नाही.

मुलांना स्कूबा डायव्हिंग करायचंय. दोघंही शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलीत, आधी पाठीला डबा बांधून, मग डब्याशिवाय. मुलगी तर बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येते आणि काठावर मूठ उघडून दाखवते. पोहण्याची भीती कुणालाच नाही. माझी भीती वेगळी आहे, ती आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. जागेचं नि माणसांचं नाव लिहीत नाही. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याला थोडी सर्दी होती. बोटीवर एक कागद पुढे आला. मी वय आठ सांगितलं, तर तो माणूस म्हणाला, "ताई, दहा लिहा, काही होत नाही." मी दहा लिहिलं. ते माझ्याच हाताने लिहिलंय, हे मला आजही विसरता येत नाही. सर्दी आहे का, दमा आहे का, काही विचारलं नाही. दोन मिनिटांत तोंडात नळी दिली, नाक दाबून हवा सोड एवढं एकदा सांगितलं आणि खाली नेलं. पोरगा पाच-सहा मिनिटांत वर आला, मास्कमध्ये नाकातून आलेलं रक्त. फोटो मात्र छान आले.

परतीच्या गाडीत तो डावा कान ओढत राहिला. सकाळी भुसावळला उतरायच्या आधी उशी उचलली, तर खोळीवर रुपयाएवढा गुलाबी-पिवळा डाग. जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी पाहिलं : पडद्याला बारीक छिद्र पडलं होतं. पाण्यात जायचं नाही, केस धुताना कानात कापूस, असं दोन महिने चाललं. पडदा आपोआप भरला, ऐकण्याची तपासणीही चांगली आली. डॉक्टर म्हणाले, विहिरीत पोहायला हरकत नाही, पण डायव्हिंगचं विचारायचं असेल तर जाण्याआधी पुन्हा दाखवा.

आता हा मुलगा विसरलाय आणि मी विसरले नाही. त्याला पुन्हा जायचंय. "मम्मी, मासा माझ्या बोटाजवळून गेला होता," एवढंच त्याला आठवतं. मला त्याला नाही म्हणायचं नाहीये. पण या वेळी अशा ठिकाणी जायचंय, जिथे 'नाही' म्हणण्यासारखं काही असेल तर ते लोक स्वतःहून नाही म्हणतील.

म्हणून विचारते. कान एकदा असा दुखावलेल्या मुलाला परत नेता येतं का, आणि ते कुणी ठरवायचं? दुसरं, बऱ्याच रिसॉर्टच्या जाहिरातीत 'ऑल इन्क्लुसिव्ह', 'फॅमिली', 'स्कूबा' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. त्यात स्कूबा खरंच धरलेलं असतं का? तिसरं, आपल्याला त्यातलं काही कळत नसताना शिकवणारा माणूस चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? मुलीला चष्मा आहे, उणे अडीच, तिला खाली काही दिसेल का? आणि तारकर्ली, अंदमान की मालदीव? पैसे जमवलेत, पण एकदाच जमणार आहे. सासूबाईंचे दिवसही चांगले जायला हवेत.

---

निळातळ :

ताई, मी मूळचा धुळ्याचा, आता पुण्यात असतो. गेली काही वर्षं डायव्हिंग करतो, शिकवत नाही. आधी कानाचं.

भाऊंना ठिबकच्या फिल्टरवरचा गेज माहीत असेलच. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे त्या गेजवर जवळपास एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो. समुद्रातही तेच. वर हवेचा एक किलो आधीच असतो, दहा मीटरवर तो दोन होतो. फुग्यात हवा भरून दहा मीटर खाली नेला तर तो निम्मा होईल. कानाच्या पडद्यामागे अशीच बंद हवा असते. ती आकसली की पडदा आत ओढला जातो. घशाकडून कानाकडे एक बारीक नळी जाते, तिच्यातून नवी हवा आत घातली की दुखत नाही. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं ते त्यासाठी. सर्दीत ती नळी सुजलेली असते, हवा जात नाही, म्हणून सर्दीत डाइव्ह नाही म्हणजे नाही. औषध घेऊन नाक मोकळं करून जाणंही धोक्याचं, खाली असताना औषधाचा अंमल उतरला तर वर येताना कान अडकतो.

सगळ्यात जास्त बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. म्हणून 'फक्त पाच मीटर नेतो' असं कुणी म्हटलं तर त्यात कानाला सवलत काही नाही. हवा दुखायच्या आधी घालायची असते, अगदी अर्ध्या-पाऊण मीटरपासून. दुखलं की खाली ढकलायचं नाही, थोडं वर यायचं. मुलीला विहिरीत बुडी मारताना कान दुखतात का ते विचारा. नाही दुखत असं म्हणाली, तर तिला हे न शिकवता जमतंय. तिच्याकडून धाकट्याला शिकू द्या.

आता कुणी ठरवायचं ते. डायव्हिंगचा एक वैद्यकीय फॉर्म जगभर वापरतात, नेटवर मिळतो. कान, दमा, हृदय, फिट येणं, शस्त्रक्रिया असे प्रश्न असतात. काही उत्तरांना 'हो' आलं की डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते, आणि डॉक्टरांसाठी त्यात वेगळं पान असतं. तो छापून कानाच्या डॉक्टरांकडेच न्या. भरलेल्या पडद्याच्या माणसाला परवानगी मिळू शकते, पण पडदा हलतो का, नळी उघडते का हे बघून. ते इथे बसून कुणी सांगू नये, मीही नाही.

वयाचं : पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षणाच्या संस्थेच्या नियमात समुद्रातल्या पहिल्या चाखून बघायच्या डाइव्हला वय दहा पूर्ण लागतं आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. आठ वर्षांपासून 'बबलमेकर' हा लहान मुलांचा प्रकार आहे, पण ते दोन मीटरपर्यंतच. तुमच्या मुलाला आठव्या वर्षी समुद्रात न्यायलाच नको होतं. त्या माणसाचा तो धंदा होता, नियम त्याला माहीत असायला हवा होता. तुम्ही स्वतःला एवढं लावून घेऊ नका.

माणूस ओळखायचा कसा? बुकिंगच्या फोनवर सांगा, मुलाला जरा सर्दी आहे, चालेल का? 'चालेल' म्हणाले तर फोन ठेवा. मग विचारा, समुद्राआधी पोहण्याच्या तलावात किंवा कमरेएवढ्या पाण्यात किती वेळ सराव देता. मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, तोंडातली नळी सुटली तर परत लावणं, कान मोकळे करणं आणि श्वास कधीही न रोखणं, एवढं तरी तिथे झालंच पाहिजे. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसात हवा फुगते. एका प्रशिक्षकाकडे मूल एकच असावं. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का हेही विचारा. पाठीवरच्या टाकीत साधारण २०० बार (म्हणजे जवळपास २०० किलो) दाबाची साधी गाळलेली हवा असते, तो ऑक्सिजन वेगळा, अपघातासाठी.

---

तापीकाठ :

वहिनी, आम्ही भुसावळहून दोन वेळा गेलो, एकदा तारकर्ली, एकदा अंदमान. आई सोबत होती, म्हणून त्या बाजूचं लिहितो.

आपल्याकडच्या रिसॉर्टमध्ये 'ऑल इन्क्लुसिव्ह' म्हणजे बहुतेक वेळा जेवणच असतं. सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. पाण्यातले खेळ वेगळे. मालदीवच्या खऱ्या ऑल इन्क्लुसिव्हमध्ये जेवण, पेय, स्नॉर्कलिंगचं (पाण्यावर तरंगत खाली बघायचं) सामान, कयाक असं बरंच येतं, पण तिथेही समुद्रातली डाइव्ह बहुतेक ठिकाणी जादा पैशांची, फार तर तलावातला एक सराव फुकट. मेलवर एक ओळ लिहून घ्या : मुलांची डाइव्ह, सामान, बोट आणि तलावातला सराव यातलं काय धरलंय. आणि कान अडला, मूल गेलंच नाही, तर पैसे परत मिळतात का. हे नक्की विचारा. पैसे बुडणार असले की आपणच नकळत पोरांना 'जा रे' म्हणतो.

तारकर्लीला जाणं सोपं. मंगला एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून थेट कोकणात उतरते, गाडी बदलावी लागत नाही. एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) स्कूबाची प्रशिक्षण संस्था तिथे आहे, चौकशी तिथूनच सुरू करा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास डाइव्ह होतात. पाणी अंदमानसारखं नितळ नाही, कधी गढूळही असतं. पण आईंना बोटीने किल्ला दाखवता येईल, आणि मालवणात शाकाहारी खानावळ शोधली की मिळते, सोलकढी त्यांना आवडेल. तरी बिबडे आणि कळण्याचं पीठ सोबत घ्याच.

अंदमानात स्वराज द्वीपला पाणी असं, की बोटीवरून तळ दिसतो. वंडूरहून जॉली बॉय बेटावर काचेच्या तळाची बोट असते. आमच्या आईने साडी न भिजवता प्रवाळ पाहिलं, अर्धा तास वाकून बसली होती. मात्र जॉली बॉय वर्षभर उघडं नसतं, तारीख बघून ठरवा. मालदीवला व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो, पण पासपोर्ट पाच जणांचे आणि माळकरी माणसाचं जेवण, दोन्ही आधी बघा.

---

निळातळ :

दादांच्या अंदमानवरून आठवलं. डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका. एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास जाऊ द्यायचे, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस केले तर १८. उंच घाटातही विमानासारखाच हवेचा दाब कमी होतो, म्हणून त्यालाही तोच विचार लागतो, तारकर्लीहून आंबोलीमार्गे गाडीने येणार असाल तर डाइव्ह झाल्या झाल्या निघू नका. दुसऱ्या दिवशी डाइव्ह, मग किल्ला आणि वाळू, असं ठेवा. एक दिवस हातात राहिला तर सर्दी झाली तरी डाइव्ह पुढे ढकलता येते.

मुलीसाठी नंबरचा मास्क असतो, मोठ्या केंद्रात उणे अडीच सहसा मिळतो. आधी फोनवर विचारा. पाण्याखाली वस्तू थोडी जवळ आणि मोठी दिसते, त्यामुळे अर्ध्या नंबरचा फरक चालून जातो.

---

केळीबाग (मूळ धागा) :

दोघांचेही मनापासून आभार. किलोचं उदाहरण यांना वाचून दाखवलं. ते सरळ फिल्टरपाशी गेले आणि मुलाला काटा दाखवला. दीड किलोवर होता. "तुझ्या कानावर एवढं येतं, अन् तू हवा घातली नाही," असं म्हणाले. त्याला पहिल्यांदा पटलं असावं, कारण तेव्हापासून तो नाक धरून फिरतोय. हळू फुंक, जोरात नाही, हे दिवसातून दहा वेळा सांगावं लागतं.

मुलीला विचारलं. ती म्हणते विहिरीत अर्ध्यात गेल्यावर कानात 'टक' होतं आणि मग दुखत नाही. तिला वाटायचं सगळ्यांनाच होतं.

तीन ठिकाणी फोन केले आणि सर्दीचं विचारलं. दोघं म्हणाले चालतंय. तिसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या, त्या म्हणाल्या सर्दी असेल तर येऊ नका, तारीख बदलून देऊ, जास्तीचे पैसे नाहीत. मुलाच्या कानाचं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच फॉर्म पाठवला. ते केंद्र तारकर्लीचं आहे, त्यामुळे यंदा तारकर्लीच करतोय. सासूबाईंनाही गाडीतला प्रवास सोसतो. त्यांचं म्हणणं एवढंच : "मले पान्यात नाही जानं, पन पोऱ्याकडे तू पाहेजो."

मुलीची डाइव्ह नक्की आहे. मुलाची, कानाच्या डॉक्टरांनी सही केली तरच. नाही झाली तर तो आणि मी किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करू, पाण्यावर तरंगत, कान वरच्या वर. हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, तिथे जाऊन रडारड नको. मंगळवारी दुपारी जळगावला दाखवायला नेतेय. फॉर्म भरलाय, वयाच्या रकान्यात त्याच्याकडूनच लिहून घेतलंय.

एक राहिलं. लहान मुलाच्या चेहऱ्याला मास्क नीट बसतोय का, हे दुकानात कसं बघायचं? भाड्याचा मास्क सैल निघाला तर म्हणून स्वतःचा घेऊन जावं असं वाटतंय. कुणी घेतला असेल तर सांगा.