गरम जॉबला (वेल्डिंगच्या लोखंडी तुकड्याला) हात लागून भाजलंय, फोड फोडायचा का?

मंडळी, मदत हवी आहे.

माझा भाचा कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशन शॉपमध्ये हेल्पर आहे. उसाच्या ट्रॉल्यांचं काम. काल दुपारी वेल्डिंग करून बाजूला ठेवलेला अँगल त्यानं उघड्या हातानं उचलला. लाल दिसत नव्हता, म्हणजे गार झाला असणार, एवढाच हिशोब. कुणीतरी लगेच टूथपेस्ट फासली (हे औषध नाही असं शॉप दाखवा!).

तळव्यावर नुसती लाली आहे, आग होतेय. तर्जनीच्या मधल्या पेरावर मोठा फोड आलाय. अंगठ्याला चिंचोक्याएवढा पांढुरका डाग पडलाय, तिथं हात लावला तरी कळत नाही म्हणतो. ताई म्हणते सुईनं पाणी काढून हळद भर. हा म्हणतो, दुखत नाही म्हणजे बरं होत आलंय, सोमवारी कामावर जातो. मला काही ते पटत नाही.

शिवाय वेल्डिंगवाल्यांनो, हातमोजे कुठले वापरता? याला रबरी ठिपक्यांचे सुती मोजे दिलेत.

प्रतिसाद १
दादा, आजच दाखवा. न दुखणारा पांढरा डाग म्हणजे खोल भाजलंय, तिथल्या नसांची टोकं जळाली की दुखणंच कळत नाही. सांध्यावरचा फोडही घरी हाताळू नका. वरची कातडी हेच त्याचं झाकण. हळद, पेस्ट, बर्फ काही नको. सांगली किंवा मिरजेच्या सिव्हिलमध्ये न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. बोटात अंगठी असेल तर सूज वाढायच्या आत काढा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर कार्ड न्या आणि कामावर भाजलंय हे केसपेपरवर लिहून घ्या. पुन्हा असं झालं तर आधी २० मिनिटं नळाच्या धारेखाली हात, बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद २
लोखंड साधारण ५०० अंशांच्या पुढे लाल दिसायला लागतं. ३०० वर काळंच दिसतं आणि कातडी तर क्षणात सोलते. आम्ही गरम जॉबवर खडूनं ‘गरम’ लिहितो, उचलायला सांडशीच. मोजे चामड्याचे घ्या, तेही घटकाभर धरण्यापुरतेच. रबरी ठिपके वितळून हाताला चिकटतात. आणि घामानं ओला झालेला मोजा घालूच नका, आत वाफ धरते.

धागाकर्ता
आभार. निघालोय. तर्जनीत तांब्याची अंगठी आहेच, साबण लावूनही निघेना.

प्रतिसाद १
ओढू नका, तिथं कापून काढतील.