प्रतिसाद: एका कामाला एकच नाव

वर कुणीतरी म्हटलंय, "आमची टीम छोटी, सगळे मिळून करतो, जबाबदाऱ्या कशाला वाटायच्या?" आमचाही आधी हाच खाक्या होता.

गाव कोरेगाव तालुक्यातलं. याच तालुक्यातल्या वेळूने २०१६ चा पहिला वॉटर कप (पानी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवण्याच्या कामांची स्पर्धा) जिंकलेला, त्यामुळे आम्हालाही हुरूप. श्रमदानाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे साठेक माणसं टिकाव-घमेली घेऊन डोंगरावर हजर, आणि पाणी अडवायच्या चरांची आखणीच झालेली नाही! हायड्रोमार्कर (समपातळी शोधायचं साधन) एकाच्या घरी, रेघ मारायच्या फक्कीचं, म्हणजे पांढऱ्या भुकटीचं, पोतं दुसऱ्याच्या, आणि दोघांनाही वाटत होतं की आखणी समोरचा करणार. समपातळीची रेघ नसेल तर सलग समतल चर खणून उपयोग नाही, पाणी सखल बाजूला गोळा होऊन भराव फोडतं. उन्हं चढेपर्यंत नुसता चहा झाला.

त्या रात्री देवळात बसून वहीत रकाने मारले: काम, करणारे, जाब कुणाला विचारायचा. करणारे कितीही असोत, जाबाच्या रकान्यात नाव एकच. शेजारी, तो लग्नाला गेला तर कोण (मे महिना होता हो!). ऑफिसातल्या रॅसी (RACI) तक्त्याचाही, म्हणजे कुठल्या कामात कुणाची काय भूमिका ते मांडणाऱ्या तक्त्याचाही, गाभा हाच, कामामागे उत्तरदायी एकच माणूस.

फक्त नावं परस्पर लिहू नका. आम्ही डिझेलचा हिशेब न विचारता एका गुरुजींच्या नावावर टाकला, तर ते आठवडाभर फिरकलेच नाहीत. शेवटी समजूत काढायला आमच्या आबांना पाठवावं लागलं.