मूळ गाव आणि ताण

मूळ गावी जाऊन आलं की अभ्यासाचा ताण उतरतो, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, सोलापूरच्या पूर्व भागातले. पणजोबा तेलंगणातल्या करीमनगरकडून मागावर काम करायला इथं आले. घरात तेलुगू बोलतो, पण मला ती वाचता येत नाही. बारावीनंतर तिकडं गेलो, तर चुलत आजोबांनी ‘सोलापूरवाला’ म्हणून ओळख करून दिली. इकडं कॉलेजात मी ‘तेलुगू पोरगा’! ताण कसला उतरतोय, बसच्या पाट्याही दुसऱ्याला विचारून वाचल्या.

मला हलकं वाटतं ते नारळी पौर्णिमेला, आमच्या समाजाचे आराध्य मार्कंडेय महाराज यांचा रथ सोलापुरात निघतो तेव्हा. आज्जी हात जोडून तेलुगूत काहीतरी पुटपुटते आणि मध्येच मराठीत ओरडते, “अरं, चप्पल सांभाळ की!”