मदत हवी आहे: मधुमेह असलेल्या आईला रोज सुकामेवा किती द्यावा?

वेदिका_कोथरूड
आई ६८ वर्षांची. टाइप २ मधुमेह, गोळ्या चालू, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ७.१, किडनी ठीक. सुकामेव्याने आयुष्य वाढतं म्हणून रविवार पेठेतून मनुका, अंजीर, जर्दाळू आणलेत. नाश्त्याआधी मूठभर खाते. किती द्यावं? भिजवल्याने साखर उतरते का? हाडांना उपयोग होतो का?

आहारशास्त्र_पुणे
वेदिकाताई, आपण बदाम-अक्रोड आणि मनुका-अंजीर दोन्हींना सुकामेवाच म्हणतो, गल्लत तिथेच होते. २०१३ साली अमेरिकेत सुमारे १ लाख १९ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोज बदाम-अक्रोडासारखं काही खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २० टक्के कमी दिसलं. तेही निव्वळ निरीक्षण, कारण असे लोक सिगारेटही कमी ओढतात. हे श्रेय मनुकांना देऊ नका.

मनुकांत वजनाच्या साधारण ६० टक्के साखर असते. ३० ग्रॅम म्हणजे चार चमचे साखर! मूठ कमी-जास्त भरते, म्हणून आठवडाभर तरी काट्यावर मोजा. १० ग्रॅम मनुका किंवा एक अंजीर, सोबत ५-६ बदाम, आणि पोळीचा तेवढा भाग कमी. नेमकं हेच राहून जातं: सुकामेवा वर पडतो, नाश्ता तसाच राहतो. भिजवून साखर पाण्यात उतरते खरी, पण तेच पाणी प्यायलं की पोटातच गेली. पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर तपासा. १८०च्या वर गेली तर मनुका निम्म्या करा.

हाडांचा_हिशेब
हाडांसाठी प्रून, म्हणजे सुकवलेले आलुबुखार. पेन स्टेट विद्यापीठाच्या २०२२च्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी वर्षभर रोज ५० ग्रॅम (५-६ नग) खाल्ले. त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकली, न खाणाऱ्यांची घटली. १०० ग्रॅमच्या गटातून बऱ्याच जणींनी मध्येच सोडलं. आईंनी दोनपासून सुरुवात करावी. त्यातल्या सॉर्बिटॉल नावाच्या गोड घटकामुळे एकदम जास्त खाल्ले तर पोट फुगतं, जुलाब होतात. आणि प्रून घेतले त्या दिवशी मनुका-अंजीर बंद. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, प्रूनमध्ये व्हिटॅमिन के असतं, त्याने गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो.

आहारशास्त्र_पुणे
जर्दाळू चकचकीत केशरी असतील तर ते गंधकाची प्रक्रिया केलेले. दमा असेल तर टाळा, तपकिरी घ्या. क्रॅनबेरीच्या पाकिटावर 'साखर' लिहिली आहे का बघा, बहुतेकांवर असतेच. पावसाळ्यात बरणी उघडी राहिली की मनुकांना ओल धरते, बुरशी येते. घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याचंच बाहेर काढा. आणि खाल्ल्यावर चूळ भरायला सांगा, दातांच्या फटीत चिकटलेली मनुका तासन्‌तास तिथेच राहते.

वेदिका_कोथरूड
वॉरफरिन नाही, दमा नाही. जर्दाळू मात्र केशरीच निघाले. उद्यापासून काट्यावर १० ग्रॅम मनुका आणि ६ बदाम. रविवारी साखरेचे आकडे इथेच टाकते.