अमेरिकेच्या रेडिओवर युद्धावरून भांडण ऐकायलोय, तिकडच्या राष्ट्राध्यक्षाला खरंच एवढा अधिकार असतो का?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, रात्रपाळी. इंग्रजी सुधारावं म्हणून मोबाईलवर अमेरिकेचा टॉक रेडिओ लावतो, आपल्याकडं रात्रीचे साडेदहा वाजले की उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचा एक असतो, त्यामुळं सगळं लाईव्ह मिळतं. परवा तासभर एकच वाद, राष्ट्राध्यक्षाला परदेशात बाँब टाकायचे असतील तर आधी संसदेला विचारायला पाहिजे का नको. एकजण म्हणाला तो सैन्याचा प्रमुख आहे, विचारायचं कशाला. दुसरा माजी सैनिक होता, म्हणाला मरायला आम्ही जातो तर मतदान तरी करा, त्याचं बोलणं अर्धवट असतानाच निवेदकानं फोन कापला. मला लई वाईट वाटलं ते. आणि त्या तासाभरात बाँब जिथं पडणार तिथल्या माणसांबद्दल एक वाक्य कुणी बोललं नाही. माझा थोरला भाऊ कुवेतला ड्रायव्हर आहे त्यामुळं मला हे नुसतं लांबचं राजकारण वाटत नाही. कायदा नेमका काय आहे, आणि रेडिओवाला एवढा उघड एका पक्षाचा कसा काय असू शकतो?

सातरस्ता_वकील
भाऊ, दोघंही अर्धे बरोबर आहेत, गोची तिथंच आहे. त्यांच्या राज्यघटनेत युद्ध जाहीर करायचा अधिकार संसदेला म्हणजे तिकडच्या काँग्रेसला आणि सैन्याचं प्रमुखपद राष्ट्राध्यक्षाला. पण रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं 1942 साली. 1950 ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी कोरियात सैन्य घातलं ते मतदान न घेताच. 1964 ला व्हिएतनामसाठी जॉन्सननी ठराव घेतला, सिनेटमध्ये म्हणजे त्यांच्या वरच्या सभागृहात विरोधात फक्त 2 मतं, आणि त्या एका ठरावावर ते युद्ध किती वर्षं ओढलं ते सगळ्यांना माहितीय. त्यातून शहाणं होऊन 1973 ला कायदा केला, निक्सननी नकाराधिकार वापरला तरी तो मोडून केला. त्यात सैन्य लढाईत घातलं की 48 तासांत संसदेला कळवायचं आणि मंजुरी नसेल तर 60 दिवसांत थांबायचं, माघारीसाठी फार तर अजून 30 दिवस. तरी 2011 ला लिबियात ओबामांचे 60 दिवस उलटले तेव्हा सरकार म्हणालं की ही कायद्यातल्या अर्थानं लढाईच नाही. म्हणजे पक्ष कुठलाही असो. आपला माणूस खुर्चीत असला की संसद आठवत नाही, दुसऱ्याचा असला की घटना तोंडपाठ होते, मला राग याचाच येतो.

होटगीरोड
रेडिओचं मी सांगते. तिकडं 1949 पासून नियम होता की वादाच्या विषयावर दुसरी बाजू पण ऐकवायची, तो 1987 ला काढून टाकला. 1988 ला रश लिंबॉ या रेडिओ निवेदकाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि तिथून एकाच बाजूनं तीन तीन तास बोलायची पद्धत पडली. इराक युद्धाच्या वेळी हा माणूस ठामपणे धाकट्या बुशच्या बाजूनं होता. आपल्याकडं बरोबर उलटं आहे, खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलाच परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावायचं एवढंच. मला दोन्ही पटत नाही. सकाळी सात पाचच्या बातम्या ऐकतच आम्ही मोठे झालो पण श्रोत्यानं फोन करून प्रश्न विचारायचा, ती जागा आपल्याला फारशी मिळालीच नाही.

बाळे_गाव
आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यावर बोला की मालक, अमेरिकेचं काय घेऊन बसलाव.

विजापूररोड_67
बाळेवाले, पाण्याचं खरं आहे पण हे पण आपलंच आहे ओ. माझे वडील 1990 ला कुवेतला होते, 2 ऑगस्टला इराकी सैन्य आत आलं आणि यांचा पगार, सामान सगळं तिथंच राहिलं. बसनं बगदादमार्गे जॉर्डनला, अम्मानला तंबूत दिवस काढले आणि मग एअर इंडियाच्या विमानानं मुंबई. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तसे आले. आई रोज रेडिओला कान लावून बसायची, ते मी पाहिलंय. आणि तेव्हा थोरल्या बुशनी इराकशी लढाई करण्याआधी अमेरिकेच्या संसदेत मतदान घेतलं होतं बरं का, जानेवारी 1991, सिनेटमध्ये 52 विरुद्ध 47. किती थोड्यावर निभावलं बघा. पण निदान प्रत्येक खासदाराला नावानिशी उभं राहून सांगावं लागलं की मी हो म्हणतोय का नाही. टॉवेलवाले, तुमच्या भावाला पासपोर्ट मालकाकडं ठेवू नका म्हणावं आणि दूतावासाच्या नोंदणीचं बघायला सांगा, आमच्या वडलांचा पासपोर्ट जवळ होता म्हणून ते निघाले.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
सगळ्यांचे आभार. बाळेवाले, राग नाही, पण 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, आमचा तयार माल गोदामात पडून राहिला आणि ओव्हरटाईम बंद झाला, म्हणून म्हणतो लांबचं काहीच नसतं. काल पाळी सुटल्यावर भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांच्या स्मारकापाशी गाडी लावून बसलो थोडा वेळ. 1938 ला आपल्या गावचा माणूस परक्यांच्या युद्धात जखमी बघायला चीनला गेला आणि 1942 ला तिथंच वारला, वय 32. त्या तासाभराच्या कार्यक्रमात जखमींचं नाव कुणी का घेतलं नाही हे मला फोन करून विचारायचंय, इंग्रजीत चार वाक्यं लिहून ठेवलीत. विजापूररोड, भावाला आत्ताच मेसेज केला, पासपोर्ट मालकाकडंच आहे म्हणाला. परत कसा मागायचा ते कुणाला माहिती असेल तर सांगा.