मदत हवी आहे: चेक सिनेमाला मराठी सबटायटल्स, होगोफोगोचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मी सहा वर्षं चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत राहते. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत. इथे आबालवृद्धांना तोंडपाठ असलेला एक सिनेमा त्यांच्याशेजारी बसून बघायचाय: ओल्द्रिख लिप्स्कीचा 'लिमोनादोवी जो', १९६४ सालचा. इंग्रजी सबटायटल्स त्यांना झेपत नाहीत, म्हणून मराठी करायला घेतली आणि अडकले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अ‍ॅरिझोनातलं स्टेटसन सिटी, साल १८८५. सगळं गाव व्हिस्कीत बुडालेलं. तिथे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला जो येतो. नेम अचूक, आणि पितो फक्त 'कोलालोका' नावाचं लिंबूपाणी. मग गाणी, मारामाऱ्या, पुन्हा गाणी. लेखक यिर्झी ब्रदेच्का. तेव्हा खपणाऱ्या स्वस्त काउबॉय कादंबऱ्यांची त्याने आधी गोष्टींत टिंगल केली, मग नाटक झालं, मग हा सिनेमा.

कोलालोका तसंच ठेवलंय, आपल्याकडे कुणालाही कोका-कोला आठवेलच. पात्रांची गुडमन आणि बॅडमन ही आडनावंही कळतात. अडचण खलनायकाची. होरेस बॅडमन 'होगोफोगो' या नावाने वावरतो (मिलोश कोपेत्स्कीने काय काम केलंय!). चेकमध्ये 'होगोफोगो' म्हणजे आपलं अगदी 'हायफाय'. पण कानाला होगोफोगो ऐकू येणार आणि खाली हायफाय लिहिलेलं, हे चालेल का? आणि नुसतं होगोफोगो ठेवलं तर आईला ते एखाद्या गावाचं नाव वाटेल.

दुसरं, गाणं. चेक गायक कारेल गोतच्या आवाजात 'सोउ फार तू यू आय मेय' आहे. ऐकायला इंग्रजी, अर्थ काहीच नाही, आणि गंमत तीच. भाषांतर करायचं, की जागा रिकामी सोडायची?

तिसरं तांत्रिक. चित्रपट कृष्णधवल आहे, पण जुन्या मूकपटांसारखा दृश्यागणिक वेगवेगळ्या रंगछटा दिलेला. पिवळ्या छटेत पांढरी अक्षरं विरून जातात. बाबांना दहा मिनिटांचा तुकडा पाठवला होता. फोनवर म्हणाले, "अगं, अक्षरं वाचू की माणूस बघू?"

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. मला ते मनापासून नीट करायचंय.

प्रतिसाद १
अक्षरांना काळी कड द्या, दोन पॉइंट पुरे. आणि एका वेळी दोन ओळींच्या वर जाऊ नका. वाक्य लांबत असेल तर क्रियापद सोडून बाकीचं छाटा. नावाचं म्हणाल तर पहिल्यांदा तो येतो तिथे 'हायफाय होगोफोगो' असं जोडून लिहा, पुढे नुसतं होगोफोगो.

प्रतिसाद २
गाणं जसं ऐकू येतं तसं देवनागरीत लिहा. लहानपणी आपण इंग्रजी गाणी अशीच म्हणायचो, घरच्यांना लगेच कळेल.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार! काळी कड दिली. बाबांनी तोच तुकडा परत पाहिला आणि या वेळी अक्षरांबद्दल एक शब्द बोलले नाहीत, त्या पांढऱ्या कपड्यांच्या माणसाचं नाव विचारलं. गाणंही देवनागरीत टाकलं.

आता एकच उरलं. पात्रं बोलतात ती चेक फार नटवी, पुस्तकी आहे. आपल्या जुन्या रहस्यकथांतली "थांब नराधमा!" धाटणीची मराठी वापरू का? दारूच्या गुत्त्यातल्या पहिल्या प्रसंगात करून पाहिलं, मला तर फार शोभलं. पण शेवटाला धास्ती वाटते. तिथे शत्रू एकमेकांची भावंडं निघतात, आणि व्हिस्की व कोलालोका मिळून 'व्हिस्कोला' तयार होतं. तिथेही तीच भाषा राहू दे, की साधी करू? आई तो प्रसंग बघून हसेल की डोळे पुसेल, सांगता येत नाही. तिला दोन्ही मोकळेपणाने करता यायला हवं.